ठाऊक नव्हते, की विचारलेच नाही?

उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत दोषी निघालेल्या खेळाडूंच्या प्रमाणात, मोठ्या संख्येने चाचण्या घेणाऱ्या देशांमध्ये, आपल्या देशाने पहिला क्रमांक मिळविला आहे. आणि तो एकदा नव्हे, तर लागोपाठ तीन वर्षे. 'वाडा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली भारतात तपासलेल्या ३,८६५ नमुन्यांपैकी १२५ सदोष निघाले. २०२४ साली ७,११३ नमुने तपासले गेले आणि त्यांतील २६० सदोष निघाले. चाचण्या वाढल्या म्हणून चोर अधिक सापडले, असा खुलासा आपल्या क्रीडाधिकाऱ्यांकडून होत असतो. तो खुलासा अगदीच निराधार नाही. परंतु तो पुरेसाही नाही. चीन, जर्मनी, फ्रान्स हे देश आपल्यापेक्षा अधिक चाचण्या घेतात, आणि तरीही दोषींचे प्रमाण त्यांच्याकडे आपल्यापेक्षा कितीतरी कमी असते. आरसा मोठा घेतला म्हणून चेहऱ्यावरचे डाग वाढत नसतात.

या प्रत्येक आकड्यामागे एक तरुण स्त्री किंवा पुरुष उभा आहे, आणि त्याच्या तोंडी बहुधा एकच वाक्य असते : "मला ठाऊक नव्हते." कोणी औषधाच्या बाटलीकडे बोट दाखवितो, कोणी शिक्षकाकडे, कोणी वैद्याकडे, कोणी प्रतिस्पर्ध्याकडे. ऐकणारे मग दोन तट करतात. आपला माणूस असला की "बिचारा फसला!" आणि परका असला की "सगळेच चोर असे म्हणतात!" हे दोन्ही निवाडे सारखेच उथळ आहेत. या वाक्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, आणि ठेवला तर त्याचे फळ काय असावे, याचा विचार थोड्या शांतपणे होणे आवश्यक आहे.

वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत मास्तरकी केली. एका वार्षिक परीक्षेत एका मुलाच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली. "सर, ही माझी नाही, मला ठाऊकच नव्हते," असे म्हणून तो रडू लागला. चिठ्ठी उलगडून वाचली, तेव्हा ती आदल्या वर्षीच बदललेल्या जुन्या अभ्यासक्रमातली निघाली. कंपासपेटी त्याच्या थोरल्या भावाची होती. मुलगा खरे बोलत होता. त्याच परीक्षेत दुसऱ्या एका मुलाच्या बाहीत चिठ्ठी सापडली आणि तिच्यावर त्याच दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर होते. तोही तेच वाक्य, त्याच सुरात, डोळ्यांत तेवढेच पाणी आणून म्हणाला. त्या दिवशी आम्ही एक गोष्ट शिकलो. वाक्यावरून आणि अश्रूंवरून खरेखोटे ठरत नाही. ते चिठ्ठी वाचूनच ठरवावे लागते.

क्रीडाक्षेत्राचा आजचा कायदा याच अनुभवातून आलेला आहे. १९९९ साली 'वाडा'ची स्थापना झाली आणि २००४ पासून तिची संहिता अमलात आली. तिचा पाया एका वाक्यात सांगता येतो. आपल्या शरीरात कोणतेही निषिद्ध द्रव्य जाणार नाही हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूची स्वतःची आहे. द्रव्य सापडले की दोष सिद्ध झाला. हेतू काय होता, हा प्रश्न त्यानंतरचा. स्पर्धेतील चाचणीत द्रव्य सापडले तर त्या स्पर्धेचा निकाल रद्द होतो, मग खेळाडू कितीही निष्पाप असो. ते द्रव्य शरीरात कसे आले हे दाखवून आपला दोष मुळीच नव्हता किंवा फार थोडा होता, असे खेळाडूने सिद्ध केले, तर बंदी रद्द होते अथवा कमी होते. ते सिद्ध करण्याचा भार मात्र त्याच्यावरच असतो. आपल्या नेहमीच्या न्यायकल्पनेला हे उलटे वाटते, कारण गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, असे आपण शिकलो आहोत. पण येथे दुसरा मार्ग आहे का? खेळाडूच्या मनात शिरून त्याचा हेतू पाहण्याचे साधन प्रयोगशाळेत नाही. "ठाऊक नव्हते" एवढे म्हटल्याने सुटका होऊ लागली, तर प्रत्येक लबाड ते म्हणेल, आणि शर्यतीत चौथा आलेला प्रामाणिक धावपटू जन्मभर चौथाच राहील. त्या चौथ्याचे नाव कोणाच्या ध्यानात नसते. कायदा उभा आहे तो मुख्यतः त्याच्यासाठी.

तरीही हे वाक्य कित्येकदा अक्षरशः खरे असते, हे नाकारणे अन्यायाचे होईल. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये आंद्रेआ रादुकान या सोळा वर्षांच्या रुमानियन मुलीने जिम्नॅस्टिक्सचे वैयक्तिक सर्वांगीण सुवर्णपदक जिंकले. तिला सर्दी झाली होती आणि संघाच्या डॉक्टराने तिला एक साधी गोळी दिली होती. त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन होते. पदक गेले; लवादाकडे केलेले अपीलही फेटाळले गेले. सोळा वर्षांच्या मुलीने आपल्याच संघाच्या डॉक्टराला गोळीतील घटकद्रव्ये विचारावयास हवी होती, असे म्हणण्यास कोणाची जीभ रेटेल? गोष्ट येथेच संपत नाही. तेच द्रव्य २००४ साली निषिद्धांच्या यादीतून वगळण्यात आले आणि २०१० साली पुन्हा घालण्यात आले. पदक मात्र परत मिळाले नाही.

याहून भयंकर उदाहरण पूर्व जर्मनीचे आहे. तेथे १९७४ पासून पुढे सरकारनेच गुप्त योजना आखून, जलतरणपटू आणि धावपटू असलेल्या कोवळ्या मुलींना निळ्या गोळ्या खाऊ घातल्या. ती जीवनसत्त्वे आहेत असे त्यांना सांगण्यात आले होते. वस्तुतः ती पुरुषी संप्रेरकासारखी द्रव्ये होती. मुलींचे आवाज घोगरे झाले, शरीरे बदलली, आणि कित्येकींना त्याचे भोग पुढे आयुष्यभर भोगावे लागले. बर्लिनच्या न्यायालयाने २००० साली देशाचे माजी क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड यांना अल्पवयीन मुलींच्या शारीरिक इजेस साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरविले. शिक्षा २२ महिन्यांची झाली, आणि तीही स्थगित! त्या मुली "आम्हांला ठाऊक नव्हते" म्हणाल्या, तेव्हा त्या खरेच बोलत होत्या. त्यांना ठाऊक होऊ नये याची व्यवस्था एका अख्ख्या राज्ययंत्राने केली होती.

उलट बाजूची उदाहरणेही थोडी नाहीत. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याने फ्रान्सची शर्यत सात वेळा जिंकली आणि वर्षानुवर्षे, शपथा वाहून, आरोप करणाऱ्यांवरच खटले भरून, आपण स्वच्छ असल्याचे जगाला सांगितले. २०१२ साली त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि २०१३ च्या जानेवारीत त्याने दूरदर्शनच्या पडद्यावर सारे कबूल केले. ऑस्ट्रेलियाचा थोर फिरकी गोलंदाज शेन वॉर्न याला २००३ सालच्या विश्वचषकातून घरी परतावे लागले. शरीरातील पाणी कमी करणारी गोळी आपण घेतली होती आणि ती आईने दिली होती, असे त्याने सांगितले. चेहरा जरा सडपातळ दिसावा म्हणून ती घेतली, असा खुलासा होता. चौकशी समितीला त्याची साक्ष संदिग्ध आणि विसंगत वाटली व त्याला एक वर्ष बाहेर बसावे लागले. आईच्या मायेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जगातील अग्रगण्य गोलंदाजाने कोणतीही गोळी तोंडात टाकण्यापूर्वी एक प्रश्न विचारला असता, तर काही बिघडले नसते.

आमच्या मते सर्व वादाची किल्ली या एका शब्दात आहे. खेळाडूला ठाऊक होते का, हा प्रश्न आपण विचारतो. तो सुटत नाही, कारण तो मनातला आहे. त्याने विचारले का, हा प्रश्न विचारला पाहिजे. त्याचे उत्तर कृतीत सापडते. आणि त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न हवा : विचारणे त्याला शक्य होते का?

या दोन प्रश्नांच्या कसोटीवर निरनिराळी प्रकरणे घासून पाहावीत. टेनिसपटू मारिया शारापोवा मेल्डोनियम हे औषध दहा वर्षे घेत होती. १ जानेवारी २०१६ पासून ते निषिद्ध झाले, आणि त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियातील स्पर्धेत ती सापडली. नवी यादी तिच्याकडे पाठविलेली होती. तिने ती उघडून पाहिली नाही, हे तिने स्वतःच सांगितले. लवादाने तिची दोन वर्षांची बंदी पंधरा महिन्यांवर आणली. बंदी कमी केली ते योग्य झाले आणि पुरती रद्द केली नाही तेही योग्य झाले, कारण व्यवस्थापक, प्रशिक्षक, डॉक्टर असा परिवार ज्याच्या दिमतीला आहे, त्याला यादी वाचण्यास वेळ नव्हता हे कारण देता येत नाही. आपल्या मुंबईच्या पृथ्वी शॉची गोष्टही याच जातीची. पहिल्याच कसोटीत शतक ठोकणारा हा मुलगा २०१९ साली टर्ब्युटालिन या द्रव्यापायी आठ महिने बंदीत सापडला. ते त्याच्या खोकल्याच्या औषधात होते. हे द्रव्य आपल्याकडे खोकल्याच्या साध्या औषधांतून मिळते, आणि नियामक मंडळानेही हेतू वाईट नव्हता हे मान्य केले. हेतू निर्मळ, पण चौकशी शून्य. अशा अज्ञानाला क्षमा करावी. त्याला प्रमाणपत्र देऊ नये.

नरसिंग यादव याचे प्रकरण महाराष्ट्राच्या अधिक जिव्हारी लागले होते. मुंबईत वाढलेला, सलग तीन वर्षे 'महाराष्ट्र केसरी'ची गदा खांद्यावर घेणारा हा मल्ल २०१६ सालच्या रिओ ऑलिंपिकला निघाला असता चाचणीत सापडला. आपल्या पेयात कोणीतरी काहीतरी मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. 'नाडा' या आपल्या राष्ट्रीय संस्थेच्या समितीने १ ऑगस्टला ते मान्य करून त्याला मोकळे केले. सारा महाराष्ट्र आनंदला. आम्हीही त्या आनंदात होतो. परंतु 'वाडा'ने लवादाकडे दाद मागितली. सापडलेल्या द्रव्याचे प्रमाण पेयातल्या भुकटीने नव्हे, तर गोळीने पोटात गेल्याचे दाखविते, अशी तज्ज्ञांची साक्ष झाली. कट झाल्याचा पटेल असा पुरावा लवादापुढे आला नाही, आणि १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी आली. आमच्या समितीने चिठ्ठी न वाचता मुलाच्या डोळ्यांतले पाणी पाहिले, असाच याचा अर्थ नव्हे काय? आपल्या माणसाविषयीची माया हा पुरावा होऊ शकत नाही, हा धडा त्यातून आपण घ्यावयास हवा होता. तो घेतला असे वाटत नाही.

आता सर्वांत अवघड उदाहरणाकडे वळू. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आणि नंतर ग्वांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी चार गुणिले चारशे मीटर रिले शर्यतीत सुवर्णपदक पटकाविले. देशाने त्यांना डोक्यावर घेतले. पुढल्याच वर्षी त्यांपैकी अश्विनी अकुंजी, मनदीप कौर, सिनी जोस यांच्यासह सहा मुली स्नायुवर्धक द्रव्यांच्या चाचणीत सापडल्या. संघाचे युक्रेनियन प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांनी दिलेल्या, चीनमध्ये विकत घेतलेल्या जिन्सेंगच्या पूरक औषधातून हे झाले, असे त्यांचे म्हणणे होते. प्रशिक्षकांना काढून टाकण्यात आले. आपल्या समितीने मुलींवर एक वर्षाची बंदी घातली. २०१२ साली लवादाने ती दोन वर्षांची केली. बाहेरून मिळालेले औषध न तपासता घेणे हा निष्काळजीपणा होय, या विचाराशी कायद्याच्या दृष्टीने वाद घालता येत नाही.

पण कायद्याच्या पानावरून उठून क्षणभर त्या प्रशिक्षण शिबिरात जाऊन पाहा. खेड्यातून आलेली, शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरची मुलगी. इंग्रजीत छापलेली यादी. डबीवर चिनी अक्षरे. पुढ्यात उभा प्रशिक्षक, ज्याच्या एका शब्दावर संघातले स्थान, सरकारी नोकरी आणि घरचे अन्न अवलंबून. आणि मागे आपली शतकांची शिकवण, की गुरूला प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा. तालमीत वस्तादाने पुढे केलेला पेला शिष्य मुकाट्याने रिकामा करतो. त्यात काय आहे असे विचारणाऱ्याचे त्या आखाड्यात काय होईल, हे कोणीही सांगू शकेल. अशा मुलीला "तू विचारले का नाहीस?" असे खडसावण्यापूर्वी, विचारण्याची मुभा आपण तिला कधी दिली होती, याचे उत्तर आधी आपण दिले पाहिजे.

अर्थात् या सहानुभूतीचा फायदा सर्वांना देता येणार नाही. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्ली राज्याच्या मैदानी स्पर्धेत 'नाडा'चे अधिकारी येणार अशी कुणकुण लागताच खेळाडू पसार होऊ लागले आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू धावला! स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया सापडल्या. ज्यांनी पळ काढला त्यांना काहीच ठाऊक नव्हते, असे म्हणण्याइतके भोळे आम्ही नाही. तपासनिसाला पाहून जो पळतो, त्याचे पायच त्याची कबुली देतात.

तात्पर्य, "ठाऊक नव्हते" हे एकच वाक्य तीन निरनिराळ्या माणसांच्या तोंडून येते. एक शुद्ध खोटे बोलणारा. दुसरा, ठाऊक करून घेतले तर घेता येणार नाही म्हणून मुद्दामच ठाऊक करून न घेणारा. धर्मराजाने अश्वत्थाम्याविषयी उच्चारलेल्या अर्धसत्याचा हा वारस. तिसरा खरोखरच फसविला गेलेला. निकाल तिघांचाही रद्द व्हावा, कारण प्रतिस्पर्ध्याच्या दृष्टीने तिघांच्याही शरीरात तेच द्रव्य होते. शिक्षा मात्र तिघांची सारखी असू नये, आणि तिसऱ्याच्या बाबतीत तर मुख्य शिक्षा फसविणाऱ्याला झाली पाहिजे.

आज घडते ते जवळजवळ उलटे. इटलीचा टेनिसपटू यानिक सिनर २०२४ च्या मार्चमध्ये दोन चाचण्यांत सापडला. आपल्या शरीराला मालीश करणाऱ्या सहायकाच्या हाताला लावलेल्या औषधातून क्लोस्टेबॉलचा लवलेश आला, हे त्याने तज्ज्ञांच्या साह्याने दाखवून दिले. स्वतंत्र न्यायाधिकरणाने ते मान्य केले. 'वाडा'ने अपील केले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तडजोड होऊन त्याला तीन महिने बंदी झाली. सिनर खोटे बोलला असे आम्ही सुचवीत नाही. त्याचे म्हणणे पूर्णतः खरे असू शकेल. आमचा मुद्दा निराळा आहे. खरे बोलणे एक, आणि ते सिद्ध करता येणे दुसरे. त्या सिद्धतेला वकील, शास्त्रज्ञ आणि पैसा लागतो. तेच सत्य साताऱ्याच्या किंवा नांदेडच्या एखाद्या धावपटू मुलीच्या बाजूला असेल, तर ते तिला लवादापुढे कोण मांडून देणार? डबी फेकून दिलेली, पावती घेतलेली नाही, आणि देणारा कानांवर हात ठेवून मोकळा.

म्हणून केवळ खेळाडूंवर बंदी घालून हा रोग हटणार नाही. पहिली गोष्ट, प्रत्येक सिद्ध प्रकरणात हे द्रव्य कोणी दिले याची चौकशी सक्तीची व्हावी. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा २०२२ साली संमत झाला आहे आणि खेळाडूंच्या प्रशिक्षक, डॉक्टर आदी सहायकांनाही त्याने आपल्या कक्षेत घेतले आहे. ती तरतूद कागदावर झोपून राहू नये. ज्या प्रशिक्षकाचे दोनतीन शिष्य सापडतील, त्याच्याकडे चौथा शिष्य पाठविण्यापूर्वी सरकारने हिशेब मागितला पाहिजे. दुसरी गोष्ट, निषिद्ध औषधांची माहिती मराठीत आणि सर्व भारतीय भाषांत, शाळेच्या मैदानापर्यंत आणि तालमीच्या दारापर्यंत पोचली पाहिजे. तिसरी गोष्ट, बाजारातील ताकदीच्या भुकट्यांवर कडक देखरेख हवी. जर्मनीतील कोलोन येथील शास्त्रज्ञांनी २००१ च्या सुमारास निरनिराळ्या देशांतील ६३४ पूरक पदार्थ तपासले, तेव्हा त्यांतील ९४ पदार्थांत वेष्टनावर न छापलेली संप्रेरकजन्य द्रव्ये आढळली. म्हणजे दर सातांत जवळपास एक! अशा बाजारात खेळाडूला "वाचून घे" म्हणणे अपुरे आहे, कारण वेष्टनच खोटे बोलते. चौथी गोष्ट, जिल्हा आणि राज्य पातळीवर चाचण्या वाढाव्यात, कारण क्रीडाकोट्यातील नोकरीच्या आशेने पहिली सुई तेथेच टोचली जाते.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला व्हावयाच्या आहेत आणि त्यापुढे ऑलिंपिकही भारतात व्हावे, अशी आपली आकांक्षा आहे. आकांक्षा चांगली आहे. पण जगाला पाहुणे म्हणून बोलावणाऱ्या यजमानाचे नाव अशा यादीच्या शिरोभागी असावे, ही लाजेची गोष्ट आहे, आणि ती स्टेडियमच्या झगमगाटाने झाकली जाणार नाही.

खेळाडूंना आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे की, विचारा. गोळी देणारा डॉक्टर असो, वस्ताद असो, परदेशी प्रशिक्षक असो किंवा सख्खी आई असो, विचारा, लिहून घ्या, डबी जपून ठेवा. आणि गुरूंना आमचे सांगणे असे की, शिष्याच्या प्रश्नाने ज्याचा अपमान होतो, त्याच्या हातातील पेल्याविषयी शंका घेण्यास जागा आहे. "ठाऊक नव्हते" या वाक्यावर विश्वास ठेवण्यास आम्ही तयार आहोत. परंतु त्याच्या मागून "मी विचारले होते" हे दुसरे वाक्य आले पाहिजे. आणि ते दुसरे वाक्य उच्चारण्याची हिंमत ज्या मुलीला आपण देणार नाही, तिच्या पहिल्या वाक्याला खोटे म्हणण्याचा अधिकार आपल्यालाही उरणार नाही.